चार सामन्यांचं स्टेडियम

ब्राझीलमधलं मनाउस हे शहर ॲमेझॉनच्या जंगलात, निग्रो नदीच्या काठावर वसलेलं आहे. देशाच्या दक्षिण भागातून तिथे पोचायचं तर विमान गाठायचं किंवा बोट. बाराही महिने भरवशाचा असा पक्का रस्ता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराच्या व्यापारातून इथे इतका पैसा आला की शहरानं युरोपातून सामान मागवून एक भव्य ऑपेरा थिएटर उभारलं. १८९६ साली ते सुरू झालं. पुढे आशियातल्या मळ्यांमधलं रबर स्वस्त पडू लागलं आणि मनाउसचा बाजार बसला. थिएटर मात्र टिकलं, आजही ते शहराची ओळख आहे.

शंभराहून अधिक वर्षांनी याच शहरात पुन्हा एकदा समुद्रापलीकडून सामान आलं. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकासाठी मनाउसमधलं जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. त्याचे पोलादी सांगाडे पोर्तुगालमध्ये तयार झाले, जहाजानं अटलांटिक ओलांडून, मग नदीतून वर चढत मनाउसला पोचले. चाळीस हजारांवर प्रेक्षक बसतील एवढं हे स्टेडियम सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून उभं राहिलं. बांधकाम चालू असताना तीन मजुरांचा जीव गेला. १४ जून २०१४ला इंग्लंड आणि इटली तिथे खेळले. त्यानंतर आणखी तीन सामने झाले. विश्वचषकाचा मनाउसशी असलेला संबंध तिथे संपला.

त्या राज्यातला एकही संघ तेव्हा ब्राझीलच्या वरच्या श्रेणीत नव्हता. स्थानिक क्लबच्या सामन्यांना काही शे, फार तर हजारभर माणसं यायची. एवढ्या मोठ्या जागेचं पुढे करायचं काय, हा प्रश्न स्टेडियम पुरं होण्याआधीच पडला होता. तुरुंगांतली गर्दी कमी करायला कैद्यांना तात्पुरतं इथे ठेवावं, अशी सूचना न्यायव्यवस्थेतल्या एका अधिकाऱ्यानं २०१३मध्येच केली होती. चेंडूला पहिली लाथ बसण्याआधीच स्टेडियमला तुरुंग म्हणून पाहावं लागावं, यातच त्या खर्चाचा निकाल लागला होता असं मला वाटतं.

मोठी स्पर्धा भरवून देशाला फायदा होतो का, असं आपण विचारतो. हा प्रश्न अर्धाच आहे. स्पर्धेतून पैसा निर्माण होतोच, आणि भरपूर होतो. तो कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, हे पाहिल्याशिवाय फायदा-तोट्याबद्दल काहीच बोलता येत नाही. आणि ते ठरतं यजमानपदाच्या करारात, स्पर्धेच्या कितीतरी वर्षं आधी.

ब्राझीलला हे यजमानपद २००७मध्ये मिळालं. तेव्हा देशाला सांगण्यात आलं होतं की स्टेडियम खासगी पैशातून होतील, सरकारी तिजोरीला झळ लागणार नाही. जागतिक फुटबॉल संघटना असलेल्या फिफाला आठ ते दहा शहरं पुरेशी होती. ब्राझीलनं बारा निवडली, कारण प्रत्येक प्रदेशाला आपला वाटा हवा होता. प्रत्यक्षात स्टेडियमचा बहुतेक खर्च सरकारी कर्जांतून आणि राज्यांच्या तिजोऱ्यांतून झाला. राजधानी ब्राझिलियातलं स्टेडियम लेखापरीक्षकांच्या हिशेबानुसार ९० कोटी डॉलरच्या घरात गेलं, मूळ अंदाजाच्या जवळपास तिप्पट. त्या शहरातही वरच्या श्रेणीतला संघ नव्हता. स्पर्धेनंतर वर्षभराच्या आत त्याच्या आवारात शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या. २०१७मध्ये या स्टेडियमच्या फुगलेल्या खर्चाच्या चौकशीत दोन माजी गव्हर्नरांना अटक झाली. पश्चिमेकडच्या कुइयाबा शहरातलं स्टेडियम तर विश्वचषकानंतर सहा-सात महिन्यांतच दुरुस्तीसाठी बंद करावं लागलं.

आणि फिफा? २०१४च्या विश्वचषकातून तिला सुमारे ४८० कोटी डॉलर मिळाले, खर्च सुमारे २२० कोटींचा झाला. प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, तिकिटं, सगळं तिच्याकडे. वर ब्राझीलनं तिला करमाफी दिलेली. स्पर्धेनंतर फिफानं ब्राझीलच्या फुटबॉलसाठी १० कोटी डॉलरचा निधी दिला. मनाउसच्या एका स्टेडियमचा तिसरा हिस्सा.

आता आकड्यांकडे वळू, कारण स्पर्धेआधी येणारा ‘आर्थिक लाभाचा’ आकडा वाचताना आपण फार सहज फसतो. हा आकडा तयार करायची रीत साधारण अशी असते. किती प्रेक्षक येतील याचा अंदाज धरायचा, प्रत्येकजण किती खर्च करील ते धरायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा. त्यात बांधकामाचा खर्च मिळवायचा. मग या सगळ्याला एका ‘गुणका’नं गुणायचं, कारण हॉटेलवाल्याला मिळालेला रुपया तो भाजीवाल्याला देतो, भाजीवाला तो दुकानदाराला देतो, असा तो फिरत राहतो. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. गडबड आहे ती काय मोजलं आणि काय सोडलं यात.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. १९ ऑक्टोबर २०२३ला गहुंजे इथे क्रिकेट विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना झाला. समजा, कोथरूडच्या एका कुटुंबानं तिकिटं, गाडीचं पेट्रोल, खाणंपिणं यावर दहा हजार रुपये खर्च केले. लाभाच्या हिशेबात ते दहा हजार जमा होतात. पण हेच कुटुंब त्या महिन्यात महाबळेश्वरला जाणार होतं, किंवा दिवाळीच्या खरेदीत थोडा हात सैल सोडणार होतं. तो खर्च आता झाला नाही. महाबळेश्वरच्या खोलीवाल्याचे आणि लक्ष्मी रोडवरच्या कापडवाल्याचे गेलेले पैसे कोणीच वजा करत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीनं पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढंच घडलं. बाहेरून आलेल्या माणसानं, जो एरवी आलाच नसता, खर्च केलेला रुपया तेवढा नवा.

बाहेरून येणाऱ्यांचंही गणित सरळ नसतं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकचा महिना ऑगस्ट. त्या महिन्यात ब्रिटनमध्ये आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाली. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा चालू होती आणि पाहुणे कमी झाले! कारण साधं आहे. गर्दी, वाढलेलं हॉटेलभाडं, बंदोबस्त यांच्या धास्तीनं नेहमीचे अनेक पर्यटक त्या महिन्यात लंडनला गेलेच नाहीत. आले ते ऑलिंपिकसाठी आले, त्यांनी माणशी खर्च जास्त केला हे खरं. पण संग्रहालयं, टॅक्सी यांवर जगणाऱ्यांना तो उन्हाळा मंदा गेला. आपल्याकडे २०२३च्या विश्वचषकात अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना मुळात १५ ऑक्टोबरला होता. त्याच दिवशी नवरात्र बसत असल्यानं तो एक दिवस अलीकडे घेतला गेला. नवरात्रात अहमदाबाद तसंही माणसांनी फुललेलं असतं. भरलेल्या शहरात आणखी माणसं आली की भाडी वाढतात. नव्या खोल्या आकाशातून पडत नाहीत.

तिसरी गडबड सगळ्यात मोठी, आणि सर्वांत कमी बोलली जाणारी. वाढीव भाड्याचा पैसा राहतो कुठे? हॉटेल मोठ्या साखळीचं असेल तर खोलीचं भाडं चौपट झालं म्हणून झाडूवालीचा पगार चौपट होत नाही. वाढलेला नफा साखळीच्या मुख्यालयाकडे जातो. म्हणजे एरवीच्या दिवसांत जो गुणक निम्मा तरी खरा असतो, तो स्पर्धेच्या दिवसांत लागूच पडत नाही. आणि स्टेडियमचा खर्च तर लाभाच्या बाजूला लिहायचीच गोष्ट नाही. तेच गवंडी, तेच सिमेंट, तेच कर्ज वापरून रुग्णालय बांधता आलं असतं. हिशेबात जे खर्चाच्या रकान्यात हवं ते जमेच्या रकान्यात आलं की आकडा दिसायला मोठा होतो.

दक्षिण आफ्रिकेनं २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाआधी साडेचार लाखांहून अधिक परदेशी पाहुणे धरले होते. खास विश्वचषकासाठी आलेले निघाले ३ लाख ९ हजार. केप टाउनमध्ये जुन्या, गरीब वस्तीजवळच्या मैदानाची डागडुजी करता आली असती; पण टेबल माउंटन आणि समुद्र मागे दिसेल अशी जागा फिफाला पसंत पडली आणि ४०० कोटी रँडहून अधिक खर्चून नवं स्टेडियम झालं. ते तीस वर्षं चालवायला घेणाऱ्या कंपनीनं स्पर्धा संपल्यावर काही महिन्यांतच अंग काढून घेतलं. तोटा शहराच्या माथी आला. टीव्हीवर डोंगर फार सुंदर दिसला होता.

आकडे बाजूला ठेवून ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरातल्या बायकांकडे जाऊ या. या शहरात पांढरेशुभ्र घोळदार कपडे घालून रस्त्याच्या कडेला आकाराजे विकणाऱ्या बायका आहेत. आकाराजे म्हणजे चवळी भिजवून, वाटून, ताडाच्या लालसर तेलात तळलेला वडा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी तो सोबत आणला. पिढ्यान्‌पिढ्या या विक्रीवर घरं चालली, आणि त्यांचा हा व्यवसाय ब्राझीलनं राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलेला आहे. साल्व्हादोरच्या जुन्या स्टेडियममध्ये आणि त्याच्या आसपास त्या कायम बसायच्या. ब्राझीलनं २०१२मध्ये विश्वचषकासाठी जो खास कायदा केला, त्यात स्टेडियमभोवती दोन किलोमीटरपर्यंतचा परिसर प्रायोजकांच्या व्यापारासाठी राखून ठेवायची मुभा होती. म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच करातून बांधलेल्या स्टेडियमबाहेर या बायकांनी बसायचं नाही, आणि परदेशी कंपनीचं बर्गर मात्र आत विकलं जाणार. बायका गप्प बसल्या नाहीत. सह्या गोळा केल्या, स्टेडियमच्या उद्घाटनाला आपल्या पोशाखात जाऊन निदर्शनं केली. शेवटी सहाजणींना आत विकायची परवानगी मिळाली.

फक्त सहा! त्यातही ती भांडून मिळवावी लागली, कारण करारात त्या कुठेच नव्हत्या. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म या सहाजणींत आहे. चवळीच्या वड्यावर कमावलेला पैसा त्याच गल्लीत फिरला असता: चवळीवाल्याकडे, तेलवाल्याकडे, पोराच्या शाळेच्या फीत. ज्या गुणकाच्या जोरावर स्पर्धेचं समर्थन केलं जातं, तो गुणक खरोखर ज्यांच्या हातात असतो त्यांनाच स्टेडियमपासून दूर ठेवलं गेलं.

जून २०१३मध्ये साओ पावलोत बसभाडं २० सेंटाव्होंनी वाढलं आणि लोक रस्त्यावर आले. विश्वचषकाची रंगीत तालीम मानली जाणारी स्पर्धा तेव्हा देशात चालू होती. २० जूनला दहा लाखांहून अधिक माणसं ठिकठिकाणी रस्त्यावर होती. स्टेडियम जर फिफाच्या दर्जाची होऊ शकतात, तर आमचे दवाखाने आणि शाळाही त्याच दर्जाच्या करा, ही त्यांची मागणी होती. फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणाऱ्या देशात हे घडलं. त्यांचा राग खेळावर नव्हता.

सगळेच यजमान बुडतात असं मात्र नाही. १९७६मध्ये माँट्रियल ऑलिंपिकनं शहराला इतकं कर्ज करून ठेवलं, की ते फेडायला क्यूबेक प्रांतानं तंबाखूवर खास कर बसवला आणि कर्ज फिटलं ते २००६मध्ये. ऑलिंपिकला तोटा होणं पुरुषाला मूल होण्याइतकंच अशक्य आहे, असं त्या शहराच्या महापौरांनी आधी छातीठोकपणे सांगितलं होतं. माँट्रियलची ही दशा पाहून १९८४साठी शहरं पुढेच येईनात. तेहरान मागे सरलं, उरलं एकटं लॉस एंजेलिस. तिथल्या मतदारांनी १९७८मध्येच मतदान करून ठरवून टाकलं होतं की शहराचा पैसा या स्पर्धेवर बुडवायचा नाही. समोर दुसरा उमेदवार नसल्यानं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला शहराच्या अटी मान्य कराव्या लागल्या. पीटर युबेरॉथ यांच्या आयोजन समितीनं १९३२च्या ऑलिंपिकसाठी वापरलेलं जुनं स्टेडियमच पुन्हा वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं, जलतरण तलाव प्रायोजकाकडून बांधून घेतला. शिल्लक राहिली २० कोटी डॉलरहून अधिक, आणि तिच्यातला एक भाग दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळांवर आजही खर्च होतो.

दुर्दैवानं जगानं यातून उलटाच धडा घेतला. ऑलिंपिक फायद्याचं असतं, असं समजून शहरांची रांग लागली, एकापेक्षा एक मोठी वचनं दिली जाऊ लागली, आणि जी ताकद लॉस एंजेलिसकडे होती ती पुन्हा आंतरराष्ट्रीय समितीकडे गेली. लिलावात सगळ्यात जास्त बोली लावणाराच जिंकतो, आणि सगळ्यात जास्त बोली लावतो तो बहुतेकदा वस्तूची किंमत चुकीची धरणारा असतो. ऑक्सफर्डमधल्या बेंट फ्लायव्हबियर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६०पासूनची ऑलिंपिक तपासली. ज्यांचे आकडे मिळाले त्यांतलं एकही अंदाजपत्रकात बसलेलं नाही, आणि सरासरी वाढ खर्च दुपटीहून अधिक करणारी आहे. रस्ता, धरण, पूल यांत उशीर करता येतो, काम लहान करता येतं. उद्घाटनाची तारीख मात्र सहसा हलत नाही. शेवटच्या वर्षात कंत्राटदार मागेल तो भाव द्यावा लागतो.

बार्सिलोना १९९२ला चांगलं ठरलं, कारण समुद्रकिनारा मोकळा करायचा, वळणरस्ते बांधायचे हे शहराचं स्वतःचं काम होतं. ऑलिंपिकनं फक्त मुदत घालून दिली. जर्मनीत २००६च्या फुटबॉल विश्वचषकासाठी सजवलेली बहुतेक स्टेडियम क्लबच्या सामन्यांनी नियमित भरतच होती. तरीसुद्धा रोजगारात ठळक वाढ अभ्यासकांना दिसली नाही. दिसली ती वेगळीच गोष्ट: लोक आनंदात होते. यजमान देशांतली माणसं स्पर्धेच्या काळात अधिक सुखी असल्याचं सांगतात, असं पुढच्या अभ्यासांतही आढळलं. हा आनंद मी हलका मानत नाही. घरात लग्न काढताना आपण नफा किती होईल ते विचारत नाही, ऐपत किती आहे ते पाहतो. स्पर्धेबद्दलही सरकारनं असंच सरळ बोलावं: हा उत्सव आहे, त्याला इतका खर्च येईल, आपल्याला तो पेलेल. उत्सवालाच गुंतवणूक म्हटलं, की मग लोकांनी परताव्याचा हिशेब मागितला तर तो त्यांचा हक्कच असतो.

भारताकडे येऊ. २०२३च्या क्रिकेट विश्वचषकाचा आर्थिक परिणाम १३९ कोटी डॉलर, म्हणजे ११ हजार ६३७ कोटी रुपये झाला, असं आयसीसीनं करवून घेतलेल्या अभ्यासात आहे. आकडा स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनंच मागवलेला आहे हे वाचताना लक्षात ठेवावं, आणि कोथरूडचं ते कुटुंब त्यात आहे की वजा केलेलं आहे हेही विचारावं. पण एक गोष्ट मनापासून मान्य केली पाहिजे. वानखेडे, गहुंजे, ईडन गार्डन्स ही स्टेडियम आधीच होती आणि आयपीएलमुळे वापरात होती. या एका बाबतीत आपण मनाउसपेक्षा फार शहाणे ठरलो. नव्या मुंबईत २०१७च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने आणि २०२५मधला महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पुण्याचं बालेवाडी क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या, मग देशातली मोठी टेनिस स्पर्धाही तिथे आली.

क्रिकेट सोडलं की हिशेब बदलतो. सायकलिंगचा ट्रॅक किंवा दहा हजार खुर्च्यांचा तलाव रोज भरेल असा प्रेक्षक आपल्याकडे अजून नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदलेलं आहे. आता २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६च्या ऑलिंपिकसाठीही भारत प्रयत्न करतो आहे. त्याआधीच्या, २०२६च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं काय झालं ते पाहा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं त्या घेतल्या होत्या. २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज ६०० ते ७०० कोटींवर जातोय असं दिसताच, जुलै २०२३मध्ये राज्य सरकारनं स्पर्धाच सोडून दिल्या आणि ३८ कोटी डॉलर भरपाई भरली. भरपाई भरूनही ते स्वस्त पडलं.

अहमदाबादच्या बाबतीत आपल्या हातात अजून काही वर्षं आहेत. तेवढ्यात दोन कागद मागायला हवेत: यजमान करार, ज्यात वाढलेला खर्च कोण भरणार ते लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक नव्या मैदानाच्या पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा हिशेब. केंद्र सरकारकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायला १० रुपये लागतात. पाया खणला जाण्याआधी तो अर्ज करा.